वाचनालयाच्या बारा-चौदा पानांच्या साइटसाठी साधी सीएमएस कोणती घ्यावी?

दौत_टाक

गिरगावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची साइट नव्याने करायची आहे. त्यासाठी सीएमएस, म्हणजे कोड न लिहिता साइटवर मजकूर चढवायचं सॉफ्टवेअर, निवडायचं आहे. पानं बारा-चौदा: वेळा, वर्गणी आणि अनामत, कार्यकारिणी, व्याख्यानमाला, दिवाळी अंक योजना, वार्षिक अहवाल, संपर्क. दर महिन्याला नव्या पुस्तकांची साठ-सत्तर नावांची यादी चढते आणि वर्षाकाठी दोन-तीन कार्यक्रमांचे फोटो. बस्स. दुकान नको, सभासदांचं लॉगिन नको, ऑनलाइन वर्गणीसुद्धा सध्या नको.

मजकूर टाकणार ग्रंथपालबाई आणि एक निवृत्त सभासद. दोघांना वर्ड, एक्सेल, व्हॉट्सॲप नीट येतं, एचटीएमएल येत नाही. तांत्रिक बाजू बघायला एक स्वयंसेवक आहे, महिन्यातून फार तर तासभर.

होस्टिंग शेअर्ड आहे, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट: सीपॅनल (होस्टिंग सांभाळायचं पॅनल), पीएचपी ८.१ (सीएमएस ज्या भाषेत चालते ती), ५ जीबी जागा. अजून दोन वर्षांचे पैसे भरलेले आहेत, त्यामुळे शक्यतो तिथेच राहायचंय. आत्ताची सीएमएस कित्येक वर्षं अपडेट झालेली नाही आणि सर्चमध्ये वाचनालयाच्या नावाखाली जपानी अक्षरांतली बूट-घड्याळांची पानं येतात. जुने अहवाल पीडीएफ आहेत, काही ४० एमबीचे.

वर्डप्रेस, ग्रॅव्ह, ह्यूगो, गूगल साइट्स ही चार नावं कानावर आली आहेत. कोणती घ्यावी, आणि का?

सर्व्हर_सांभाळे

आधी एक वजाबाकी. पुस्तकांचा शोध हवा, कोणतं पुस्तक बाहेर गेलंय ते दिसायला हवं, अशी मागणी उद्या कार्यकारिणीतून येईलच. ते काम सीएमएसच्या गळ्यात घालू नका. त्यासाठी ग्रंथालयांची वेगळी सॉफ्टवेअर आहेत: कोहा, किंवा सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय. कोहाला स्वतःचा लिनक्स सर्व्हर लागतो, तुमच्या शेअर्ड होस्टिंगवर ते चालणार नाही. तो विषय निराळा ठेवा.

उरलेल्या कामाला ग्रॅव्ह पुरेल. त्यात डेटाबेस नाही. प्रत्येक पान म्हणजे एक फोल्डर, त्यात एक साधी मजकूर-फाइल आणि त्या पानाचे फोटो. पानं, सेटिंग, थीम (साइटचं रूप), प्लगिन (वरून जोडायच्या सोयी), खाती सगळं 'यूजर' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये असतं. तो झिप करून उतरवला की बॅकअप झाला. दुसऱ्या होस्टिंगवर जायचं तर तोच फोल्डर उचलायचा. डेटाबेस आयात करताना मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते, तो प्रकार इथे संभवतच नाही.

ह्यूगो जलद आहे, पण बाईंना त्याच्याशी थेट काम करता येणार नाही. कमांड चालवून साइट बनवावी लागते, किंवा गिटवर (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारी यंत्रणा) बसणारा एखादा संपादक वर चढवावा लागतो. म्हणजे नवी दोन यंत्रं आणि नवे दोन पासवर्ड. शिवाय अशा साइट लोक बहुधा क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट ठेवतात, तिथे एका फाइलची मर्यादा २५ एमबी. तुमचे ४० एमबीचे अहवाल तिथे चढणारच नाहीत.

गूगल साइट्स हसण्यावारी नेऊ नका. बारा पानांना ती पुरते आणि अपडेट करायला काही उरतच नाही. अडचण बाहेर पडताना येते: दुसऱ्या सीएमएसमध्ये सरळ नेता येईल असं काही हातात मिळत नाही. आणि साइट एखाद्याच्या खासगी खात्यावर केलेली असली की ते सभासद पार्ल्याहून पुण्याला राहायला गेले की साइटही त्यांच्याबरोबर गेली.

काहीही घेतलंत तरी सीपॅनलमध्ये पीएचपी ८.३ करा. ८.१ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच होत्या, ८.३ ला डिसेंबर २०२७ पर्यंत आहेत. मात्र आवृत्ती बदलल्यावर जुनी साइट कोसळू शकते, तेव्हा नवी साइट वेगळ्या सबडोमेनवर (मुख्य पत्त्याआधी एक शब्द जोडून केलेला उपपत्ता) उभी करून फक्त त्याची आवृत्ती आधी बदला.

काळा_घोडा

ग्रॅव्ह चांगलं आहे, पण मी वर्डप्रेसच्या बाजूने. स्वयंसेवक उद्या नोकरी बदलून बंगळूरला गेला तर मुंबईत वर्डप्रेस येणारा माणूस कुठल्याही कॉलेजात सापडेल. ग्रॅव्हवाला शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल.

अशा साइट बुडतात त्या बहुतेक वेळा वर्डप्रेसमुळे नाही, त्यावर लादलेल्या सामानामुळे: विकतची थीम, तिच्याबरोबर आलेला पेज बिल्डर (पान ओढून-टाकून रचायचं साधन), स्लायडर, पॉपअप आणि कुणाच्याच नावावर नसलेलं लायसन. लायसन संपलं की थीमचे अपडेट बंद. भोक तिथे पडतं. म्हणून:

थीम वर्डप्रेसबरोबर येते तीच. पेज बिल्डर नाही. प्लगिन तीन: बॅकअप, लॉगिनच्या प्रयत्नांवर मर्यादा, आणि फॉर्म हवाच असेल तर त्याचा ईमेल नीट पोचवणारं एसएमटीपी. प्लगिनचे स्वयंचलित अपडेट सुरू करा, ५.५ पासून ती सोय आतच आहे. ग्रंथपालबाईंना 'एडिटर' भूमिका द्या, 'ॲडमिनिस्ट्रेटर' नको. डॅशबोर्डमधून थीमच्या फाइली बदलता येतात ती सोय कॉन्फिग फाइलमधल्या एका ओळीने बंद होते, ती करा. बॅकअप त्याच होस्टिंगवर ठेवला तर तो बॅकअप नव्हे, गूगल ड्राइव्हवर जायला हवा.

फोटोंचं तेवढं बघा. ५.३ पासून वर्डप्रेस मोठ्या फोटोची २५६० पिक्सेलची प्रत बनवतं, शिवाय २०४८, १५३६, १०२४, ७६८, ३०० आणि १५० च्या प्रती, आणि मूळ फाइलही ठेवतं. म्हणजे एका फोटोच्या सात-आठ फाइली. व्याख्यानमालेचे २०० फोटो चढवले की दीड हजार फाइली झाल्या. शेअर्ड होस्टिंगवर जागेआधी फाइलींच्या संख्येची मर्यादा भरते आणि 'जागा शिल्लक असून अपलोड होत नाही' अशी तक्रार येते. चढवण्याआधी फोटो १६०० पिक्सेल रुंदीचे करून घ्या. आयफोनचे एचईआयसी फोटो जेपीजी करूनच टाका, क्रोममध्ये ते दिसत नाहीत.

सर्व्हर_सांभाळे

माणूस सापडण्याचा मुद्दा मान्य. पण स्वयंसेवक गेल्यावर दुसरा मिळेपर्यंत सहा महिने जातात, आणि त्या सहा महिन्यांत कोणती सीएमएस कमी सडेल हे बघायला हवं. ग्रॅव्ह उद्या बंद जरी पडलं तरी मजकूर नोटपॅडमध्ये उघडतो.

अर्थात ग्रॅव्हलाही अपडेट लागतात, 'डेटाबेस नाही म्हणजे हॅक होत नाही' या गैरसमजात राहू नका. ॲडमिनचा पत्ता बदलून ठेवा, पानांमधली ट्विग (ग्रॅव्हच्या साच्यांची कोड-भाषा) प्रक्रिया बंदच राहू द्या, आणि दोघांच्या खात्यांना फक्त लॉगिन आणि पानं एवढेच अधिकार द्या. सुपरयूजर एकच.

दौत_टाक, असं करा. दोन सबडोमेनवर दोन्ही रिकाम्या उभ्या करा. बाईंना एक काम द्या: 'नवीन पुस्तकं, जून' हे पान करा, त्यात एक फोटो आणि एक पीडीएफ जोडा, मग एक चूक दुरुस्त करा. शेजारी बसा पण बोलू नका. वीस मिनिटांत जिथे जमलं ती सीएमएस तुमची. आमच्या दोघांच्या मतांपेक्षा ती वीस मिनिटं खरी.

वेलांटी

सीएमएस कोणतीही घ्या, मराठी साइटच्या काही खोडी दोन्हीकडे सारख्याच आहेत, आणि त्या उशिरा कळतात.

पत्ता रोमन लिपीत ठेवा. 'व्याख्यानमाला' असं शीर्षक दिलं की वर्डप्रेस पानाचा पत्ताही देवनागरीत करतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) तीन बाइटचं, आणि पत्त्यात त्याची नऊ अक्षरं होतात. साठवायची मर्यादा २०० अक्षरांची, म्हणजे साधारण बाविसाव्या चिन्हाला पत्ता तुटतो. काना-मात्राही वेगवेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे तीन-चार शब्दांतच हद्द संपते. व्हॉट्सॲपवर चिकटवल्यावर टक्क्यांच्या चिन्हांची चार ओळींची माळ दिसते ती वेगळीच. लोकांना ती लिंक फसवणुकीची वाटते. पीडीएफ आणि फोटोंची नावंही रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता.

मग 'ऱ्या'. 'दुसऱ्या', 'किनाऱ्यावर' यातला अर्धा र दोन प्रकारांनी टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला दोन वेगळे शब्द. बाईंनी फोनवरून एका प्रकाराने लिहिलं आणि सभासदाने साइटच्या शोधपेटीत दुसऱ्या प्रकाराने शोधलं तर 'काही सापडलं नाही' असं उत्तर येतं, पुस्तक डोळ्यांसमोर असूनही. उपाय सोपा आहे: यादी चढवण्याआधी एक्सेलमध्येच शोधा-बदला करून सगळीकडे टिंबवाला ऱ करून घ्या.

थीममध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं, विशेषतः मथळ्यांना आणि मेनूला. रोमन लिपीत ते देखणं दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटून अक्षरं सुटी होतात. ते शून्य करा. ओळीची उंची १.६ ते १.७, अक्षर १७-१८ पिक्सेल. १.३ वर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो.

साइटची भाषा 'एमआर' (मराठी) नोंदवा. 'एचआय' (हिंदी) किंवा 'ईएन' (इंग्रजी) राहिली तर काही फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात. फॉन्टमध्ये मराठी वळण असतं, पण भाषा कळली तरच तो ते काढतो. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, जाडीचे दोनच प्रकार ठेवा आणि फाइली स्वतःच्या होस्टिंगवरच ठेवा.

जुने अहवाल डीटीपीवाल्याकडून श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये झाले असतील. त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केलात तर इंग्रजी अक्षरांचा भुगा मिळेल, आणि गूगललाही तोच भुगा मिळतो. अख्खा अहवाल बदलत बसू नका. प्रत्येक पीडीएफच्या वर युनिकोडमध्ये चार ओळी लिहा: वर्ष, अध्यक्षांचं नाव, सभासदसंख्या, व्याख्यात्यांची नावं. लोक शोधतात ते तेवढंच. ४० एमबीच्या फाइली बहुधा ३०० डीपीआयचे रंगीत स्कॅन असतील, १५० डीपीआय करड्या रंगात केल्या की बऱ्याच हलक्या होतील.

दौत_टाक

सगळ्यांचे आभार. वीस मिनिटांची चाचणी घेतली. वर्डप्रेसमध्ये पानाचा प्रत्येक तुकडा (ब्लॉक) जोडायच्या अधिक-खुणेचा गोंधळ झाला, ग्रॅव्हमध्ये एकच मोठी पेटी असल्यामुळे पान झालं. तेव्हा ग्रॅव्ह ठरलं. काळा_घोडा, तुमचा मुद्दा डोक्यात आहे, म्हणून दोन पानांची लेखी माहिती करून कपाटात ठेवणार आहोत.

पण आता तीन अडचणी. (१) संगणकावर झिप उघडून फाइली एफटीपीने (सर्व्हरवर फाइली पाठवायची पद्धत) चढवल्या. मुखपृष्ठ उघडतं, बाकी प्रत्येक पानाला ४०४, म्हणजे 'पान सापडत नाही'. (२) व्याख्यानमालेचं पान निवृत्त सभासदांनी 'एक्स्पर्ट' मोडमध्ये लिहिलं, ते उघडलं की फक्त त्रुटीचा (एरर) संदेश येतो. (३) पुस्तकांची यादी वर्डमध्ये ओळीखाली ओळ दिसते, साइटवर साठ पुस्तकांचा एकच परिच्छेद होतो. क्रमांक घालूनही तसंच.

सर्व्हर_सांभाळे

(१) टिंबाने सुरू होणारी 'एचटीॲक्सेस' फाइल चढलेली नाही. मॅक आणि लिनक्सवर अशी फाइल लपलेली असते, सगळं निवडून ओढलं तरी ती मागे राहते. आतल्या पानांचे पत्ते ग्रॅव्हपर्यंत पोचवायचं काम तीच करते. अख्खी झिप सीपॅनलच्या फाइल मॅनेजरने चढवा आणि तिथेच उघडा. फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये 'लपलेल्या फाइली दाखवा' सुरू केलं की ती आली का ते दिसेल.

त्यानंतर पान साठवताना 'लिहिता येत नाही' असं आलं तर परवानग्या बघा: फोल्डर ७५५, फाइली ६४४. घाईत ७७७ (कुणालाही लिहायची मुभा) करू नका. बऱ्याच शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी तुमच्याच खात्याने चालतं, तिथे एवढं पुरतं.

(२) शीर्षकात विसर्गासारखा अपूर्णविराम आहे ना? 'वसंत व्याख्यानमाला: दिवस पहिला' असं काहीतरी. पानाच्या माथ्यावरचा तो भाग यामल या सेटिंग लिहायच्या पद्धतीने वाचला जातो आणि तिथे अपूर्णविराम म्हणजे 'पुढे किंमत आहे'. एका ओळीत दोन आले (एक 'टायटल' या शब्दानंतरचा, दुसरा शीर्षकातला) की वाचणारा प्रोग्रॅम अडखळतो. पूर्ण शीर्षक एकेरी अवतरणात टाका. त्या भागात टॅब चालत नाही, स्पेसच लागते. दोघांच्या खात्यांवर 'नॉर्मल' मोडच वापरायचा असं ठरवून टाका, त्यात अवतरणं आपोआप पडतात.

वेलांटी

(३) माझ्याकडे. मार्कडाउनमध्ये (ग्रॅव्हमधला मजकूर ज्या साध्या खुणांच्या पद्धतीने लिहितात ती) नुसतं एंटर मारून नवी ओळ होत नाही, सगळ्या ओळी जोडल्या जातात. आणि क्रमांकाचं म्हणाल तर यादी ओळखण्यासाठी आकडे इंग्रजीच लागतात. १., २., ३. असं देवनागरीत लिहिलं की मार्कडाउनला ती यादी वाटतच नाही, म्हणून पुन्हा परिच्छेद.

एक्सेलमध्ये दाखल अंक (पुस्तकाचा नोंदणी क्रमांक), पुस्तक, लेखक असे तीन रकाने असतीलच. चौथ्या रकान्यात एक सूत्र टाका: हायफन, एक मोकळी जागा, पुस्तकाचं नाव, स्वल्पविराम, लेखक, आणि शेवटी कंसात दाखल अंक. सूत्र खाली ओढा, तो रकाना कॉपी करा, पानात चिकटवा. ओळ हायफन आणि मोकळ्या जागेने सुरू झाली की यादी होते. यादीच्या आधी एक ओळ कोरी सोडा. चौकटीचं कोष्टक करू नका, फोनवर ते उजवीकडे पळतं.

काळा_घोडा

हरलो, पण साइट बदलायच्या दिवसाचं सांगून जातो.

वाचनालयाचा ईमेल त्याच डोमेनवर असेल तर नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी सांगणारे सर्व्हर) बदलायच्या भानगडीत पडू नका. होस्टिंग तेच आहे, सीपॅनलमध्ये डोमेनचं मूळ फोल्डर नव्या साइटकडे वळवलं की झालं. मुख्य डोमेनचं फोल्डर वळवता येत नसेल तर जुन्या फाइली बाजूला काढून नव्या त्या जागी आणा, पण त्या जुन्या फाइली वेबवरून दिसणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा. कधी पुढे होस्टिंग बदललंत तर आदल्या दिवशी डीएनएसचा (डोमेनच्या नोंदी) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती वेळ चालते ती मुदत, ३०० सेकंद करा आणि एमएक्स (ईमेल कुठे पोचवायचा त्या) नोंदी आधी उतरवून घ्या. त्या विसरल्या की साइट झकास चालते आणि ईमेल गप्प होतो, तेही दोन दिवसांनी लक्षात येतं.

जुन्या 'अपलोड्स' फोल्डरमधून फक्त जेपीजी, पीएनजी आणि पीडीएफ उचला. तिथे एकही पीएचपी फाइल असायचं कारण नाही. सापडली तर तीच बुटांच्या दुकानाची चावी. नंतर सीपॅनल, एफटीपी आणि ईमेल सगळ्यांचे पासवर्ड बदला, आणि सीपॅनलच्या 'क्रॉन'मध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) अनोळखी काम लावलेलं नाही ना तेही बघा. ते राहिलं तर साफ केलेल्या घरात चोर पुन्हा येतो.

जुन्या खऱ्या पानांना ३०१ ने (पत्ता कायमचा बदलल्याची खूण) नव्या पत्त्यावर पाठवा. जपानी पानांना ४१० (पान कायमचं काढलंय) द्या, मुखपृष्ठाकडे वळवू नका. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये 'मालक' म्हणून कुणी अनोळखी खातं घुसलंय का तेही तपासा, हे लोक स्वतःला तिथे जोडून घेतात.

संपर्क-फॉर्म लावणार असाल तर 'प्रेषक' वाचनालयाच्या डोमेनवरचा पत्ता ठेवा, भरणाऱ्याचा पत्ता 'उत्तर द्या' मध्ये. उलटं केलं तर जीमेलच्या दृष्टीने तुम्ही दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवताय, आणि ते स्पॅममध्ये जातं. खरं तर बारा पानांच्या साइटला फॉर्म कशाला? फोन नंबर, व्हॉट्सॲपची लिंक आणि वेळ लिहा.

डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. नोंदणीचा ईमेल जुन्या डेव्हलपरचा असेल तर सीएमएसच्या आधी ते काम.

दौत_टाक

४०४ गेला, टिंबवाली फाइलच राहिली होती. शीर्षकाच्या ओळीत खरंच दोन अपूर्णविराम निघाले. यादीचं सूत्र बाईंना एकदा दाखवलं आणि त्यांनी मागच्या चार महिन्यांच्या याद्याही चढवल्या. डोमेन तपासलं: नोंदणीचा ईमेल वाचनालयाचा नाही. उद्या त्याच्यामागे लागतो.

काळा_घोडा

नुसता नोंदणीचा ईमेल बदलायचा की डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणारी कंपनी) न्यायचं, ते आधी ठरवा. डॉट ऑर्ग असेल तर मालकाचे तपशील बदलल्यावर ६० दिवस हस्तांतर अडू शकतं. मुदत जवळ आली असेल तर आधी नूतनीकरण, मग बाकीचं. आणि पुढची पावती वाचनालयाच्या नावाने घ्या.